सुंठीची गुलाबी चिठ्ठी

दर गुरुवारी सकाळी सात वाजता मी टाय बांधून पोहे खायला जातो. जालना रोडवरच्या एका हॉटेलच्या वरच्या मजल्यावर आम्हा नऊ जणांचं मंडळ भरतं. नऊही जण सल्लागार. कुणी कारखान्यांना माणसं कशी सांभाळायची ते शिकवतो, कुणी सरकारी योजनांच्या फायली करून देतो, एक जण शेडची दिशा बघून मशीन कुठं ठेवायचं ते सांगतो. मी क्वालिटीचा. वाळूजच्या एका कंपनीत बावीस वर्षं माल तपासला, चुका काढल्या, नापास मालाला लाल चिठ्ठी लावली. मग एके दिवशी कंपनीनं माझा विभागच पुण्याला हलवला आणि मला हार घालून घरी पाठवलं. त्या दिवसापासून मी स्वतंत्र व्यवसाय सल्लागार आहे. बायको मात्र विचारणाऱ्यांना 'सध्या घरी असतात' एवढंच सांगते.

शहराचं नाव बदललं तेव्हा आम्हा सगळ्यांना नवी व्हिजिटिंग कार्डं छापावी लागली, आणि बहुतेकांनी त्याच छपाईत आपले हुद्देही बदलून घेतले. योजनांच्या फायली करणारे गृहस्थ 'ग्रोथ पार्टनर' झाले. मशीनची दिशा सांगणारे 'स्पेस एनर्जी स्ट्रॅटेजिस्ट' झाले. आम्ही त्यांना अजून वास्तुवालेच म्हणतो. मंडळाचे अध्यक्ष नेतृत्व शिकवतात. त्यांच्या हाताखाली आजवर कुणीच काम केलेलं नाही, त्यामुळे त्यांच्याविरुद्ध कुणाची तक्रारही नाही. मी माझ्या कार्डावर 'एक्सलन्स मेंटॉर' छापून घेतलं. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिनं कार्ड हातात घेतलं, उलटून बघितलं, मागची बाजू कोरी आहे हे पाहून तिला बरं वाटलं, आणि तिथं तिनं किराण्याची यादी लिहिली.

मंडळाचा हेतू असा की एकमेकांच्या ओळखींतून एकमेकांना काम मिळावं. हेतूत खोट काहीच नाही. अडचण एवढीच की आमच्यापैकी कुणाकडेही कारखाना नाही, दुकान नाही, शेतसुद्धा फारसं नाही. नऊ वाढपी कमरेला टॉवेल गुंडाळून तयार आणि पंगतीत बसायला कुणीच नाही, असला प्रकार. मग आम्ही एकमेकांनाच वाढतो. नेतृत्ववाले मला नेतृत्व शिकवतात, मी त्यांच्या नेतृत्वाची क्वालिटी तपासतो, आणि दोघांच्या फोटोखाली इंटरनेटवर जाहिराती करून देणाऱ्या आमच्या डिजिटलवाल्या ताई 'प्रेरणादायी सकाळ' असं लिहून टाकतात. त्याला व्यावसायिक प्रगती म्हणायचं. काही महिन्यांतच माझी इतकी प्रगती झाली की जुने सहकारी रस्त्यात दिसले तर मी गल्ली बदलायला लागलो.

आता मंडळाचे नियम सांगायला हवेत, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळे घडलं. निदान मी तरी आजपर्यंत तसंच सांगत आलो.

पहिला नियम, एका धंद्याची एकच खुर्ची. मी असेपर्यंत दुसरा क्वालिटीवाला मंडळात येऊ शकत नाही. दुसरा नियम चिठ्ठीचा. दर गुरुवारी प्रत्येकानं दुसऱ्या सभासदाला किमान एक गुलाबी चिठ्ठी द्यायचीच. चिठ्ठीवर तीन रकाने असतात: कोणाला गरज आहे, कसली गरज आहे, कोणाकडे पाठवलं. ज्याला चिठ्ठी मिळाली त्यानं त्या गरजू माणसाला भेटायचं, आणि काम आपल्या विषयातलं नाही असं वाटलं तर तिसऱ्याच्या नावानं नवी चिठ्ठी लिहायची. चिठ्ठी लिहिली की भिंतीवरच्या तक्त्यात आपल्या नावापुढे एक चांदणी चिकटते. काम केल्याची चांदणी नसते, पाठवल्याची असते. त्यामुळे काम आपल्या विषयातलं नाही असं आम्हाला फार लवकर वाटतं.

तिसरा नियम सगळ्यांत कडक. सभागृहात कुणाच्याही अडचणीवर उत्तर द्यायचं नाही. अध्यक्षांचं एक ठरलेलं वाक्य आहे, "उत्तर हा आपला माल आहे. सॅम्पल दाखवा, गोदाम उघडू नका." कुणी विचारलंच तर हसून म्हणायचं, 'आपण एकदा निवांत भेटून बोलू.' नियम मोडणाऱ्यानं पुढच्या गुरुवारी सगळ्यांसाठी जिलेबी आणायची. थंडीच्या दिवसांत आमच्या एच.आर.वाल्यानं एका पाहुण्याला कामगारांच्या हजेरीबद्दल भाबडेपणानं काहीतरी सांगून टाकलं होतं. पुढच्या गुरुवारी आम्ही जिलेबी खाल्ली, आणि प्रत्येकानं घास घेताना त्याच्याकडे दयेनं बघितलं.

आणि घंटा. चिठ्ठीतून एखाद्याला खरोखरचं काम मिळालं, की त्यानं उठून टेबलावरची पितळी घंटा वाजवायची. सहा महिन्यांत जो एकदाही घंटा वाजवणार नाही त्याची खुर्ची जाते. मला मंडळात येऊन पाच महिने होत आले होते. चितेगावच्या एका कंपनीतून नुकताच बाहेर पडलेला एक क्वालिटीवाला माझ्या खुर्चीवर डोळा ठेवून होता. तो दोनदा पाहुणा म्हणून येऊन गेला, आणि दोन्ही वेळा त्यानं माझ्या तब्येतीची फार आपुलकीनं चौकशी केली.

अशात मार्चमधल्या एका गुरुवारी योजनावाल्यांनी पिशोरकडच्या एका बाईंना पाहुण्या म्हणून आणलं. पन्नाशीच्या, शेतकरी घरातल्या, डोक्यावर पदर, हातात नायलॉनची पिशवी. त्यांच्या भागात आलं भरपूर होतं. शेताच्या कडेला त्यांनी सोलर ड्रायरची शेड टाकली होती. तिची फाईल योजनावाल्यांनीच केली होती. गावातल्या बारा बाया तिथं आलं सोलून, काप करून वाळवायच्या, आणि ती सुंठ पुण्याच्या एका मसालेवाल्याकडे जायची. खरंच काहीतरी बनवणारं माणूस आमच्या सभागृहात क्वचित येतं. आम्ही सगळे सावरून बसलो. वास्तुवाल्यांनी तर पोह्यांची प्लेट खाली ठेवली. पाहुण्यांना देतात ती फाईल बाईंना मिळाली. तीत मंडळाची माहिती, एक पेन आणि दहा गुलाबी चिठ्ठ्यांचं पॅड असतं.

पाहुण्यानं पंचेचाळीस सेकंदांत आपली ओळख आणि गरज सांगायची असते. बाई उठल्या. ओळखीत त्यांनी वेळ घालवला नाही.

"माझी सुंठ परत आली," त्या म्हणाल्या. "ओल जास्त हाय म्हणत्यात. आम्ही लई चांगली वाळवतो. भरताना काप हातात घेतला तर कटकन मोडतो. तिथं पोचला की मऊ. दुसरा माल तीन हप्त्यांनी पाठवायचाय. तोबी परत आला तर तो माणूस आमच्याकडून घेणं बंद करणार. बारा बाया हायेत माझ्याकडं. एवढंच सांगा साहेब, आमचं चुकतंय कुठं?"

घड्याळात अजून वीस सेकंद शिल्लक होते.

त्यांचं कुठं चुकतंय ते मला कळलं होतं. यात माझी हुशारी काही नाही. कंपनीत माझ्या तिसऱ्याच वर्षी आम्ही गरम पाण्यानं धुतलेले लोखंडी पार्ट वाळवून, पण गरम असतानाच, प्लास्टिकच्या पिशव्यांत भरले होते, आणि गिऱ्हाइकाकडे ते गंजून पोचले होते. गरम वस्तू पिशवीत कोंडली की आतल्या वाफेचं पाणी होतं आणि ते परत त्या वस्तूवरच बसतं. त्या चुकीपायी मी तेव्हा एवढी बोलणी खाल्ली होती की जन्मात विसरणार नाही. भरताना कोरडं आणि पोचल्यावर ओलं म्हटल्यावर दुसरं काय असणार? 'ताई, ड्रायरमधून काढून गरम गरम भरता का?' एवढा एक प्रश्न विचारायचा होता.

मी तोंड उघडलंही होतं. अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं. पण मी जिलेबीच्या मागे लपणार नाही. तोंड मी अध्यक्षांमुळे मिटलं नाही, घंटेमुळे मिटलं. माझ्या डोक्यात एकदम सगळं चित्र उभं राहिलं. आत्ता सांगितलं तर बाई 'बरं' म्हणतील, गावी जातील आणि विषय संपेल. पण हेच जर रीतसर चिठ्ठीनं माझ्याकडे आलं, तर मी पिशोरला जाईन, शेड बघीन, वहीत मोजमापं लिहीन, दोन-तीन भेटी होतील, रंगीत फोटो लावलेला अहवाल होईल, आणि मग मी घंटा वाजवीन. माझं पहिलं खरं काम. स्वतःच्या नावानं चिठ्ठी लिहिता येत नाही, म्हणून मी ती शेजारच्या एच.आर.वाल्याच्या नावानं लिहिली, त्यावर बाईंचा फोन नंबर घातला, आणि त्याच्या कानात सांगितलं, "आजच्या आज मला परत लिही." अशी देवाणघेवाण आमच्यात चालते. त्यानं मान डोलावली, चिठ्ठी खिशात घातली. माझ्या नावापुढे चांदणी लागली.

बाईंनी मला हात जोडले. मी म्हणालो, "काळजी करू नका ताई, आता तुमचं काम योग्य हातात आहे."

एच.आर.वाल्याच्या तक्त्यात त्या महिन्यात चांदण्या कमी होत्या, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. त्यानं बाईंना शनिवारी बोलावलं. शेडमधल्या बारा बायांचा तक्ता काढायला बसला. कोण कोणाला रिपोर्ट करतं, त्यानं विचारलं. बाई म्हणाल्या, चौघी माझ्या जावा हायेत, त्या माझ्या सासूलाच रिपोर्ट करत्यात. त्यानं तसा चौकोन काढला आणि सासूबाईंना सगळ्यांत वर बसवलं. मग हे काम आपल्या विषयातलं नाही असं त्याला वाटलं, आणि त्यानं चिठ्ठी लिहिली ती मला नाही, वास्तुवाल्यांना.

वास्तुवाल्यांनी शेडचा नकाशा मागवून ड्रायर ईशान्येला हलवायला सांगितलं. तिथं मोठा कडुलिंब होता. "सावलीत वाळन का हो ते?" बाईंनी विचारलं म्हणे. त्यांनीही मग चिठ्ठी लिहिली. डिजिटलवाल्या ताईंनी हसऱ्या आल्याचं बोधचिन्ह काढून दिलं. ते खरं तर छान होतं. अध्यक्षांनी बाईंना डोळे मिटायला लावलं आणि विचारलं, पाच वर्षांनंतर तुम्ही स्वतःला कुठं बघता? बाईंनी डोळे न उघडता सांगितलं, शेडमधी. हे सगळं मला दर गुरुवारी पोहे खाताना कळत होतं. प्रत्येक जण आपली भेट हसून हसून सांगायचा, आणि मीही हसायचो. बाई दर वेळी एस.टी.नं यायच्या, कन्नडला गाडी बदलून, भर उन्हात.

मी फोन करू शकलो असतो. नंबर माझ्याच हातानं चिठ्ठीवर लिहिला होता, माझ्या डायरीतही होता. पहिल्या आठवड्यात वाटलं, आज ना उद्या चिठ्ठी माझ्याकडे येईलच, घाई कशाला. दुसऱ्या आठवड्यात वाटलं, आता मध्येच फोन केला तर घुसखोरी दिसेल, मंडळात नाव खराब होईल. तिसऱ्या आठवड्यात तर मी चिठ्ठीचीच वाट बघत होतो, सुंठ डोक्यातून पार गेली होती. एकदा बायकोला जेवताना ही गोष्ट मजा म्हणून सांगितली. ती जेवायची थांबली. "पण तुम्हाला कळलंय ना त्यांचं काय चुकतंय?" तिनं विचारलं. मी तिला रेफरलची पद्धत समजावून सांगितली. तिनं माझ्या पानात भाजी वाढली आणि आपलं ताट उचललं.

चिठ्ठी आली ती मंगळवारी सकाळी. नऊच्या सुमाराला सिडकोतल्या आमच्या घरासमोर एक टेम्पो येऊन थांबला आणि पुढच्या सीटवरून पिशोरच्या बाई उतरल्या. त्यांच्या हातात योजनावाल्यांची गुलाबी चिठ्ठी होती. आठव्या चिठ्ठीवर माझं नाव निघालं होतं.

"भाऊ, हे आता तुमच्याकडं पाठवलंय," त्या म्हणाल्या. "पण आता बसायला येळ नाय. माल घेऊन पुण्यालाच चालले. म्हणलं जाता जाता एकदा विचारावं."

टेम्पोत ताडपत्रीखाली गोण्या रचलेल्या होत्या. मी पायात चपला अडकवून खाली आलो आणि तीन आठवडे तोंडात धरून ठेवलेला प्रश्न विचारला. "ताई, गोण्या कधी भरता?"

"चारला. ड्रायरमधून काढलं की लगेच. बाया पाचला घरी जात्यात ना."

"गरमच भरता?"

"व्हय. गरम असलं की कडक राहतंय म्हणून. वर प्लास्टिक बांधून टाकतो, हवा लागू नये."

मी एक गोणी उघडायला सांगितली. ड्रायव्हरनं गाठ सोडली. आतल्या प्लास्टिकला हात लावला तर आतून ते ओलसर होतं. मी वरचा काप घेऊन वाकवला. तो मोडला नाही, नुसता वाकला. बाईंनी स्वतः हात घालून खालचा काप काढला. तोही वाकला. मग त्यांनी दुसरी गोणी उघडायला लावली, मग तिसरी. तिसऱ्या गोणीनंतर त्या टेम्पोच्या फळीवर बसल्या.

"संध्याकाळी काढून पातळ पसरायचं, वर कापड झाकायचं, आणि पूर्ण गार झालं की सकाळी भरायचं," मी म्हणालो. "बाकी तुमचं काहीच चुकत नाही."

"एवढंच?"

"एवढंच."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. बाई शहाण्या होत्या. गल्लीत उभ्या उभ्या, गोणी न उघडताच मी पहिला प्रश्न कोणता विचारला हे त्यांच्या ध्यानात आलं होतं.

"हे तुम्हाला त्या दिवशीच ठाव व्हतं का?"

खोटं बोलायला जागा होती. 'आत्ता माल बघितल्यावर कळलं' एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. का कोण जाणे, मला ते जमलं नाही. मी हो म्हणालो.

"मग बोलले कामून नाय?"

मी सांगितलं. खुर्ची, चिठ्ठी, चांदणी, सभागृहात उत्तर द्यायचं नाही हा नियम, घंटा, सगळं. रस्त्यावर उभं राहून, दाढी न केलेल्या तोंडानं, लुंगीवर. मंडळाबाहेरच्या माणसाला हे सगळं मी पहिल्यांदाच सलग सांगत होतो, आणि सांगता सांगता माझ्याच कानाला ते ऐकवेना. बाईंनी मध्ये एकदाही अडवलं नाही. माझं संपल्यावर त्या फक्त "बरं" म्हणाल्या. शिवी दिली असती तर मला सोपं गेलं असतं.

"ताई, चलना क्या?" ड्रायव्हरनं विचारलं. "आगे फिर धूप बढती."

"माघारी घे," बाई म्हणाल्या. "घरी."

मी पाच दिवसांनी फोन केला. बाईंनी पुण्याच्या मसालेवाल्याकडे आठ दिवसांची मुदत मागितली होती. त्याला थांबणं शक्य नव्हतं. त्यानं दुसरीकडून माल उचलला, आणि पुढच्या हंगामात बघू म्हणाला. सगळी सुंठ परत वाळवून त्या कन्नडच्या बाजारात बसून किरकोळ विकत होत्या. बारा बायांचं काय, हे मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं, लोकांच्या रानात आलं काढायला जायला लागल्यात.

त्यानंतरच्या गुरुवारी सभागृहात आनंदीआनंद होता. एकच गरज आठ चिठ्ठ्यांतून फिरून शेवटी नेमक्या माणसापर्यंत पोचली, असं मंडळात आजवर झालं नव्हतं. अध्यक्षांनी त्याला 'रेफरलचं पूर्ण वर्तुळ' असं नाव दिलं. डिजिटलवाल्या ताईंनी आठही चिठ्ठ्या ओळीनं मांडून त्यांचा फोटो काढला. मला उभं केलं. मी झालं ते थोडक्यात सांगितलं. माल परत न्यावा लागला, गिऱ्हाईक गेलं, हेही सांगितलं.

"म्हणजे दोष सापडला ना?" अध्यक्षांनी विचारलं.

"सापडला."

"तुम्ही सल्ला दिला ना?"

"दिला."

"मग वाजवा!"

सहा महिने पूर्ण व्हायला चार दिवस राहिले होते. भिंतीजवळच्या खुर्चीवर चितेगाववाला तिसऱ्यांदा पाहुणा म्हणून आला होता आणि माझ्याकडे आदरानं बघत होता. मी घंटा वाजवली. आयुष्यात ज्या गोष्टींची मला खरोखर लाज वाटते त्या फार नाहीत, पण ही आहे. टाळ्या पडल्या, कुणीतरी पाठ थोपटली, पोह्यांवर शेव जास्त पडली. घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "वाजवलीत?" मी मान हलवली. "आमच्या शाळेत घंटा वाजली की पोरं सुटतात. तुमच्याकडे कोण सुटलं?" तिनं विचारलं, आणि वह्या तपासायला बसली.

मंडळ मी सोडलं नाही. सोडलं असतं तर ही गोष्ट जास्त चांगली झाली असती, हे मला कळतं. पण घरी बसून मी काय करणार होतो? मी जात राहिलो, चिठ्ठ्या लिहीत राहिलो. चांदण्यांच्या तक्त्यात माझा दुसरा नंबर आला, आणि मला एक प्रमाणपत्र मिळालं. ते बायकोनं कपाटावर आडवं ठेवलं आहे.

जवळजवळ वर्ष होत आलं. एका रविवारी सकाळी मी गेटपाशी पाण्याचा पाईप गुंडाळत होतो, तेव्हा एक तिशीतली बाई पत्ता विचारत आली. मेंढपाळाच्या घरातली, पिशोरजवळच्या वाडीवरची. नवरा मेंढरांमागं, ही लिंबाचं लोणचं करून आठवडी बाजारात विकते. तिनं कमरेच्या पिशवीतून घडी केलेला कागद काढून दिला. गुलाबी चिठ्ठी होती, पाहुण्यांच्या पॅडातली. पिशोरच्या बाईंनी तिन्ही रकाने नीट भरले होते. कोणाला गरज आहे: 'माझ्या ओळखीची हाय, गरीब हाय.' कसली गरज आहे: 'लोणच्याला बुरशी येती.' कोणाकडे पाठवलं: 'भाऊ, तुमच्याकडं. हिला पुढं पाठवू नका. सांगून टाका.'

"ताई बऱ्या आहेत?" मी विचारलं. "माल जातो का आता?"

"जातोय की पुण्याला. गार करून भरत्यात. पर बाया सातच राह्यल्या. बाकीच्या मजुरीला लागल्या त्या परत आल्याच नाय."

मी चिठ्ठी पुन्हा वाचली. आणि वर बघून, अगदी प्रामाणिकपणे सांगतो, दीड वर्षाच्या सवयीनं माझ्या तोंडून निघालं, "असं करू, आपण एकदा निवांत भेटून..."

तिनं माझ्या हातातून चिठ्ठी काढून घेतली. "ताई म्हणल्या व्हत्या, निवांत म्हणले की माघारी ये." ती वळलीसुद्धा, गेटच्या कडीला तिचा हात लागला होता.

"थांबा," मी म्हणालो. "बरण्या धुतल्यावर वाळवता कशा?"

"वाळवायच्या कशाला? फडक्यानं पुसती अन् भरती."

"तिथंच चुकतंय. फडकं ओलं, बरणी ओली. धुऊन दिवसभर कडक उन्हात पालथ्या ठेवा. झाकणंसुद्धा. हात, चमचा, सगळं कोरडं. मगच भरा."

"एवढंच?"

"एवढंच."

तिला खरं वाटलं नसावं. ती आणखी थोडा वेळ गेटपाशी उभी राहिली, अजून काही सांगतो का बघत. मग चिठ्ठी पिशवीत ठेवता ठेवता तिनं विचारलं, "मंग त्या बारीला ताईला तीन हप्ते कामून लागले वो?"

याचंही उत्तर मला ठाऊक होतं. ते मी तिला तिथंच, गेटपाशी उभ्या उभ्या सांगून टाकलं.